हाक मारताना

(दहावी १९९९च्या बॅचच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४मध्ये केलेलं भाषण)



संयोजन समितीनं मला 'संगणक क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. तो मी मागून बदलून घेतला. संधींची माहिती आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त आहे. मी बोलणार आहे ते माणसाला हाक कशी मारावी याबद्दल. पंचेचाळिशीकडे निघालेल्या लोकांना हे सांगायचं काय, असं तुम्हाला वाटेल. पण या मेळाव्याची यादी करताना हा प्रश्न खरोखरच समोर आला. त्याच्याकडे मी येतेच.

व्याकरण शिकवणाऱ्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून सुरुवात व्याकरणानं करते. 'लिंग ओळखा' हा दोन मार्कांचा हमखास प्रश्न आठवतो ना? तो दरवाजा, ती खिडकी, ते दार. दरवाजा आणि दार ही वस्तू एकच, तरी एक पुल्लिंगी आणि दुसरं नपुंसकलिंगी. काही शब्दांना तर दोन-दोन लिंगं चालतात. ढेकर आला म्हणा की आली म्हणा, बाग फुलला म्हणा की फुलली म्हणा, दोन्ही बरोबर. म्हणजे वस्तूचं लिंग त्या वस्तूत नसतं, ते आपल्या बोलण्याच्या रूढीत असतं. दाराला त्याचं काही वाटत नाही.

माणसाला वाटतं. आणि मराठीत ते टाळता येणं अवघड आहे. बंगालीत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे, क्रियापदही बदलत नाही. इंग्रजीत निदान 'मी' म्हणताना आपण कोण ते सांगावं लागत नाही. मराठीत मात्र 'मी आलो' की 'मी आले', 'तू कुठे राहतोस' की 'तू कुठे राहतेस', हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. ज्याला किंवा जिला लोक आयुष्यभर चुकीच्या बाजूला धरत आले, त्या माणसाला आपल्या भाषेत दिवसातून शंभर वेळा ती चूक ऐकावी लागते.

आपण कोल्हापूरकडच्या मुली 'मी आलो', 'मी जेवलो' असं बिनधास्त बोलायचो. इंजिनिअरिंगला पुण्याच्या हॉस्टेलवर गेल्यावर माझ्या 'मी जेवलो'वर खोलीतल्या मुली हसल्या. त्यांच्या हसण्यानं मला एक गोष्ट कळली. माझ्या तोंडी 'आलो' असलं तरी मी मुलगीच होते, आणि ते मला आतून पक्कं माहीत होतं. ते क्रियापदावर अवलंबून नव्हतं. गोव्याकडे कोकणीत लहान मुलीला नपुंसकलिंगात 'तें चेडूं' म्हणतात, म्हणून काही ती मुलगी राहत नाही असं नाही. आपण कोण आहोत याची ही जी आतली खात्री असते, तिलाच लिंगभावाची ओळख म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत ती जन्माच्या वेळी डॉक्टरांनी किंवा सुईणीनं जे सांगितलं त्याच्याशी जुळते, म्हणून तिचा कधी विचार करावा लागत नाही. काहींची जुळत नाही. त्यांना आपण ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी म्हणतो.

इथे तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिली, शरीर. दुसरी, मी स्त्री आहे, पुरुष आहे, की या दोन्हींत न बसणारी व्यक्ती आहे, ही ओळख. तिसरी, मला कुणाबद्दल आकर्षण वाटतं, म्हणजे लैंगिक कल. तीन वेगळे रकाने आहेत. एकातलं उत्तर पाहून दुसरा भरता येत नाही. जन्मतःच शरीराची रचना ठरावीक स्त्री किंवा पुरुष साच्यात न बसणाऱ्या व्यक्ती असतात, त्यांना इंटरसेक्स म्हणतात, तो आणखी वेगळा विषय. आणि हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये स्वीकारलेलं आणि २०२२पासून लागू झालेलं जे वर्गीकरण आहे, त्यात ही बाब मानसिक विकारांच्या यादीतून काढून टाकली आहे.

'हे सगळं हल्लीचं, बाहेरून आलेलं खूळ' असं काही जण म्हणतात. शिखंडी आणि बृहन्नडा आपल्याला आजीनं सांगितल्या, इंटरनेटनं नव्हे. इंग्रजांनी १८७१मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवायची आणि बायकांच्या कपड्यांत सार्वजनिक ठिकाणी दिसल्यास शिक्षा करायची अशी तरतूद होती. म्हणजे ही माणसं तेव्हाही होती. नवीन होती ती त्यांना गुन्हेगार ठरवणारी नोंदवही.

आणि आपल्या भागात जोगते कुणी पाहिले नाहीत? साडी नेसलेले, डोक्यावर यल्लम्माचा जग घेतलेले. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांतून ते साहित्यात आले. राजीव पाटील यांच्या २००९च्या 'जोगवा' चित्रपटात उपेंद्र लिमये यांनी जोगत्याची भूमिका केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या गोष्टीतला तरुण स्वतःहून साडी नेसत नाही, त्याला ती नेसायला लावतात. इथे कुणी म्हणेल, मग हे तर उलटं झालं. मला ते उलटं वाटत नाही. एकाला मनाविरुद्ध साडी नेसवली, दुसरीला मनाविरुद्ध शर्ट घालायला लावला. दुःखाचं मूळ एकच, त्या माणसाला विचारलंच नाही.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते, कारण समोर शिक्षक आहेत, ऑफिसातली मंडळी आहेत. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'नालसा' खटल्यात निकाल दिला की स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. पुढे २०१९चा पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला, तो १० जानेवारी २०२०पासून लागू झाला. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचं प्रमाणपत्र मिळतं. त्या प्रमाणपत्राच्या आधारे कागदपत्रांवरचं नाव आणि लिंगाची नोंद बदलून घेता येते, आणि त्या कागदपत्रांत शाळेचे दाखलेही येतात.

कायदा झाला तरी फॉर्म बदलायला वेळ लागतो, हे मी माझ्या धंद्यावरून सांगते. आधारच्या अर्जात तिसरा पर्याय होता, पण पॅनकार्डाच्या अर्जात एप्रिल २०१८पर्यंत दोनच. आधारवर एक आणि पॅनवर दुसरं, मग दोन्ही जोडायला गेलं की संगणक म्हणणार, जुळत नाही. यात संगणकाचा दोष नव्हता. ज्यानं तो रकाना आखला त्याच्या डोळ्यांपुढे ही माणसं आलीच नव्हती.

आपल्या राज्यात २०२२च्या पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात 'स्त्री' आणि 'पुरुष' एवढंच होतं. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणानं तिसरा पर्याय ठेवायला सांगितलं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि डिसेंबरात तो पर्याय द्यायचं सरकारनं मान्य केलं. एक ओळ वाढवायला दोन पायऱ्यांची कोर्टबाजी! त्याच्याही आधी, जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला महिलांच्या जागेवरून अर्ज भरला, तो पारलिंगी म्हणून नाकारला गेला. जानेवारी २०२१मध्ये औरंगाबाद खंडपीठानं त्यांना महिला म्हणून लढायला परवानगी दिली. त्या उभ्या राहिल्या आणि गावानं त्यांना निवडून दिलं. मला यातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. गावाला काही अडलं नाही.

'पण अशी माणसं असून असून किती?' हाही प्रश्न येतो. २०११च्या जनगणनेत पहिल्यांदाच 'इतर' अशी नोंद घेतली गेली. देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार, महाराष्ट्रात सुमारे ४१ हजार. दारात आलेल्या प्रगणकाला हे सांगायची किती जणांची हिंमत झाली असेल, याचा तुम्हीच विचार करा. आणि संख्या कमी असली तरी काय? आमच्याकडे लाखातल्या एका ग्राहकाच्या फोनवर ॲप बंद पडलं, तर 'एकच आहे, सोडा' असं म्हणायची सोय नसते.

आता भाषेकडे परत येते, कारण उपाय तिथेच आहे. आमच्या कंपनीत एका ॲपचं मराठीकरण करताना एक अडचण आली. ग्रुपमध्ये कुणी आलं की इंग्रजीत एक संदेश दिसतो. मराठीत काय लिहायचं? 'अमुक सामील झाला' की 'सामील झाली'? नावावरून ओळखायचं म्हटलं तर किरण, शीतल, ज्योती, सुहास अशी नावं आपल्याकडे ढिगानं आहेत. शेवटी उत्तर वर्तमानपत्रात सापडलं: 'अमुक यांनी ग्रुपमध्ये प्रवेश केला.' 'यांनी' म्हटलं की प्रश्नच संपला.

मग मी बसून वाक्यं तपासली. 'तू आलास' आणि 'तू आलीस' वेगळं, पण 'तुम्ही आलात' एकच. 'त्यानं सांगितलं' आणि 'तिनं सांगितलं' वेगळं, पण 'त्यांनी सांगितलं' एकच. 'त्याचं घर', 'तिचं घर', पण 'त्यांचं घर'. 'ते' आणि 'त्या' एवढा फरक उरतो, बाकी बहुतेक ठिकाणी तो पुसला जातो. म्हणजे मराठीत माणसाला मान दिला की लिंग बऱ्याचदा आपोआप गळून पडतं. हे व्याकरण कुठल्या चळवळीनं केलेलं नाही, आपल्या पूर्वजांनी आपल्याला तयार दिलं आहे. वारीत बाप्या असो की बाई, सगळे एकमेकांना 'माउली' म्हणतात. आपण ज्ञानेश्वरांना माउली म्हणतो, विठोबाला विठाई म्हणतो, आणि कुणाची जीभ अडखळत नाही.

उलटंही तितकंच खरं. 'ते आले' यात मान आहे. 'ते आलं' म्हटलं की त्याच माणसाची वस्तू होते. एका मात्रेच्या जागी एक अनुस्वार. हे 'ते आलं' आपण बाजारात, एसटीत, सिग्नलला उभ्या असलेल्या माणसांबद्दल ऐकलेलं आहे.

कानाला सवय व्हायला वेळ लागतो, असं म्हणाल तर फार लागत नाही. २००७मध्ये प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा 'राष्ट्रपती'मधल्या 'पती'चं काय करायचं, यावर चर्चा झाली होती. शब्द तोच राहिला. 'राष्ट्रपती आल्या' हे वाक्य आज कुणाला खटकतं?

आता यादीची गोष्ट. नावनोंदणीचं काम माझ्याकडे होतं. शाळेच्या जुन्या हजेरीपटावरून मी यादी केली, आधी मुलगे, मग मुली, जशी तेव्हा होती तशी. यादी ग्रुपवर टाकायच्या आधी आपल्या वर्गातल्या एका व्यक्तीचा फोन आला. "हजेरीपटातलं ते नाव आता माझं राहिलेलं नाही. मला कुठल्या रकान्यात घालशील?" आम्ही तासभर बोललो. मी म्हटलं, "काळजी करू नकोस, सगळे मानानंच बोलतील." त्यावर मिळालेलं उत्तर मी परवानगी घेऊन इथे सांगते: "अहो-जाहो नको. ते मला बँकेतही मिळतं. दहा वर्षं आपण एका वर्गात काढली. मला एकेरीतच हाक मार, पण योग्य एकेरीत."

माझं सगळं व्याकरण तिथे संपलं. मानानं बोलायचं तर लिंग लागत नाही, हे खरं. पण जवळिकीनं बोलायचं तर 'अरे' किंवा 'अगं' यातलं एक निवडावं लागतं, आणि ते बरोबर निवडायचं तर विचारावं लागतं. परक्याला मान दिला की भागतं. मित्राला विचारावंच लागतं. आपण इथे मान घ्यायला जमलेलो नाही, बाहेर तो सगळ्यांना थोडाफार मिळतो. आपण जमलोय ते ज्यांना 'ए' म्हणता येतं अशी माणसं आता थोडी उरलीत म्हणून. त्या 'ए'मधून आपल्यातलं कुणी बाहेर राहता कामा नये.

मी त्या व्यक्तीचं जुनं नाव सांगितलं नाही, नवं सांगितलं नाही, आणि ती आज या सभागृहात आहे की नाही हेही सांगणार नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही. आणि हो, 'व्यक्ती' हा शब्दच स्त्रीलिंगी आहे म्हणून मी 'ती' म्हणते, त्यावरून अंदाज बांधू नका. समितीनं मग एवढंच केलं. यादी एकच केली, नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे. प्रत्येकानं स्वतः कळवलेलं नाव बिल्ल्यावर आलं. लग्नानंतर नाव बदललेल्या आणि न बदललेल्या मैत्रिणींचीही त्यात सोय झाली. ग्रुप फोटोला मुलगे मागे, मुली पुढे अशी रांग न लावता उंचीप्रमाणे उभं राहायचं ठरलं. स्मरणिकेत दहावीच्या वर्गाचा फोटो छापायचा, पण खाली हजेरीपटातली नावं न छापता ज्यांनी त्यांनी कळवलेलीच छापायची. या सगळ्याचा खर्च शून्य रुपये.

शेवटी काही विनंत्या करते.

पहिली आपल्या शिक्षकांना आणि आता शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांना. मुलाला शिक्षा म्हणून मुलींच्या बाकावर बसवणं, 'मुलीसारखा रडतोस काय' म्हणणं, हे आपल्या काळी सगळ्याच शाळांत चालायचं. त्यात मुलीही दुखावतात, रडणारा मुलगाही दुखावतो. आणि वर्गात एखादं मूल असं असतं की जे ते वाक्य वीस वर्षं विसरत नाही. 'बायल्या' हा शब्द वर्गात ऐकू आला, तर तो जातीवरून दिलेल्या शिवीइतक्याच गांभीर्यानं थांबवावा.

दुसरी ऑफिसला. उद्या कुणी जुना विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र घेऊन दाखल्यावरचं नाव बदलायला आली, तर खिडकीत सगळ्यांसमोर जुनं नाव मोठ्यानं न वाचता खुर्ची द्यावी, अर्ज घ्यावा. दाखला हा पहिला कागद आहे, पुढचे सगळे कागद त्याच्यावर चालतात.

तिसरी आपल्या सगळ्यांना. नाव आणि हाक कशी हवी ते एकदा साधेपणानं विचारा. शस्त्रक्रिया झाली का, 'खरं' नाव काय, हे विचारू नका. ते आपण इतर कुणाला विचारत नाही. तोंडातून चुकीचं क्रियापद गेलं तर 'सॉरी' म्हणा, दुरुस्त करा आणि पुढचं बोला. माफीची एवढी लांबण लावू नका की समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागेल. आणि ज्यानं तुम्हाला विश्वासानं सांगितलं, त्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगू नका.

शेवटची विनंती आई-बाप म्हणून. आपली मुलं आज आपण तेव्हा होतो त्या वयाची आहेत. त्यांच्यापैकी एखादं रात्री जेवताना काहीतरी सांगेल, ज्याला तुमच्याकडे तयार उत्तर नसेल. उत्तर लगेच द्यायची गरज नाही. ताट बाजूला सारू नका, उठून जाऊ नका, 'लोक काय म्हणतील' हे पहिलं वाक्य म्हणू नका. 'सांग, मी ऐकतेय', 'सांग, मी ऐकतोय' एवढं पुरतं. समजून घ्यायला पुढे खूप वेळ आहे, पण पहिल्या पाच मिनिटांत आपण काय म्हणालो हे मूल जन्मभर लक्षात ठेवतं.

आमच्या बाईंनी मला कर्ता-कर्म-क्रियापद शिकवलं म्हणून हे आज मांडता आलं. तांबडा-पांढरा तयार आहे असा निरोप आलाय, त्यामुळे मी थांबते.